नवीन किंवा लक्षणीय सुधारित

फोनवर चारदा "साहेब बाहेर गेलेत" ऐकलं,
म्हणून मीच गेले लिस्बनहून उत्तरेला,
मांडीवर लॅपटॉप,
त्यात बेल्मिरो तावारिस आणि मंडळींची कोरी प्रश्नावली.

बुचांचा कारखाना. एकतीस माणसं.
आमच्या नमुन्यात त्यांचा भारांक चौदा पूर्णांक दोन,
म्हणजे तावारिस एकदा "हो" म्हणाले
की मी कधीच न पाहिलेले तेरा कारखाने
आणि चौदाव्याचं एखादं दार-खिडकी
त्यांच्यामागून "हो" म्हणणार.

अंगणात सालींच्या थप्प्या, गाडीच्या टपाइतक्या उंच.
झाड सोललं की खोडावर वर्षाचा आकडा रंगवतात, ते सांगतात,
पुढची साल नऊ वर्षांनी.
मी वाचते : गेल्या तीन वर्षांत आपल्या कंपनीने...
ते हसतात.
"तीन वर्षांत आमचं झाड साधी कूसही बदलत नाही, बाई."

संशोधनावर खर्च? शून्य.
पेटंट? शून्य.
विद्यापीठाशी सहकार्य? पुतण्या तिथे शिकत होता, सोडलं त्याने.
प्रश्न तेवीस. उत्पादनाची नवीन किंवा लक्षणीय सुधारित पद्धत?
"माझ्या बापाचीच पद्धत. लिहा, नाही."
मग कॉफी ओतताना, सहज :
"टाकाऊ माल मात्र निम्म्यावर आला गेल्या साली.
साल चांगली निघाली, दुसरं काय."

परतताना बाथरूम शोधत चुकले
आणि निवडणीच्या शेडमध्ये निघाले.
तिथे देओलिंडा. साठीची. बसलेली.
बाकी सगळ्या उभ्या.
तिच्यापुढे उतरती फळी,
फळीच्या टोकाला बिस्किटांच्या डब्याचं झाकण,
सायकलच्या दोन तारांनी ताणून बांधलेलं.
बुचं घरंगळत येतात, झाकणावर आपटतात.
जिवंत बूच उसळतं, पलीकडच्या टोपलीत जातं.
आतून पोकळ असेल ते थप्प,
तिच्या पायाशी.
कोंड्याचा मांडा म्हणतात तो हा,
आणि मांडा करणारी त्याकडे बघतही नव्हती,
वाटाणे सोलत होती.

मालकाला माहीत आहे?
"त्याला कळलं तर पट्टा जोरात चालवेल," ती म्हणाली,
"मग झाकण पुरायचं नाही, आणि मी पुन्हा उभी."
याला काय म्हणता तुम्ही?
"याला? खुर्ची."

गाडी येईपर्यंत स्टेशनवर पुस्तिका उघडून बसले.
पद्धत कंपनीला नवी असावी. वापरात आलेली असावी.
कंपनीला ती माहीत असावी,
असं कुठेच नाही. नसली तरी चालेल, असंही नाही.
तेवीसवर बोट ठेवलं. "हो" केलं.
"हो" केलं तर पडताळणीचा फोन जाणार :
कृपया पद्धतीचं वर्णन करा, श्री. तावारिस.
"नाही" केलं.
तेरा कारखाने माझ्यामागून नाही म्हणाले.

नोव्हेंबरात तक्ता आला.
छोटे उद्योग, नवकल्पक : अडतीस पूर्णांक सहा टक्के,
मागच्या खेपेपेक्षा कमी.
आमचे अन्सेल्मो सर भुवया उंचावून म्हणाले,
"झोपलेत हे लोक."
त्याच फायलीत आवेइरूची एक कंपनी,
पगाराचं सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळे चौकोन भरले,
अनुदानाच्या अर्जासकट.
तिलाही भारांक होता.

मी काही बोलले नाही.
त्या सहाकडे बघत राहिले,
पूर्णांकाच्या टिंबामागचा तो एकटा सहा,
कोणाचा कोण जाणे.

प्रश्नावलीच्या शेवटी "इतर शेरा" असतो.
त्यात मी "खुर्ची" लिहून ठेवलं आहे.
तो रकाना मोजत नाहीत.
तरी पुढच्या फेरीला, वजाबाकी करता करता,
कुणाची तरी नजर तिथे अडखळेल,
टायपिंगची चूक समजून
पुसून टाकेल.